मुलाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

घरातली मारहाण, आईवडिलांचं वेगळं होणं, जवळच्या माणसाचा मृत्यू. असल्या विषयावर संशोधनासाठी मुलांशी बोलायला निघण्याआधी बघा, हे मुलांकडूनच कळायला हवं का? मोठ्यांकडून किंवा जुन्या नोंदींतून कळत असेल तर मुलांना मध्ये ओढू नका. माझे निम्मे प्रश्न इथेच गळतात.

पालकांची सही म्हणजे फक्त परवानगी. मुलाला वेगळं विचारायचं, त्याच्या भाषेत. त्यातही ‘हो’वर फार विसंबू नका. एका नऊ वर्षांच्या मुलाने माझ्या प्रत्येक प्रश्नाला शहाण्यासारखं ‘हो’ म्हटलं. मी खूश. रात्री रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळीकडे त्याची खुर्ची करकरत होती, आणि आठवलं की त्याने तासाभरात आख्ख्या खोडरबराचा भुगा केला होता. ती मुलाखत मी पुसून टाकली.

तेव्हापासून नकाराची रंगीत तालीम घेते. आधी फालतू प्रश्न: ‘तुझ्या दप्तरात काय आहे?’ त्यावर मुलाने ‘सांगणार नाही’ म्हणायचं आणि मी ‘बरं’ म्हणून पुढे जायचं. दोन-तीनदा झालं की मुलं हसायला लागतात. मग खरे प्रश्न. खाऊ किंवा वही द्यायची असेल तर आधीच द्या, न बोलणाऱ्यालाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ लोक मला ऐकवतात: मुलाला मत मांडायचा हक्क आहे. आहेच. पण हक्क आहे, सक्ती नव्हे.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. मी म्हणते, ‘तुझं नाव कुठे छापणार नाही. पण कुणी तुला इजा करतंय असं कळलं, तर मदतीसाठी मला एका माणसाला सांगावं लागेल. त्याआधी तुला सांगेन.’ तो माणूस कोण, हे पहिल्या मुलाखतीआधी ठरलेलं हवं. आणि सही करणाराच मारणारा असू शकतो. तिथे घरच्यांना विषय किती सांगायचा, हे एकट्याने न ठरवता एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनातली नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे, ठेवा.

‘तुझं काय झालं?’ असं थेट विचारू नका. ‘एका मुलीला शाळा सुटल्यावर घरी जावंसं वाटत नाही. का असेल?’ असं विचारा. मूल त्या मुलीबद्दल भरभरून बोलतं. ‘ती म्हणजे तूच ना?’ हे मात्र गिळून टाका.

शेवटची दहा मिनिटं चित्राला किंवा खेळाला ठेवा; अवघड प्रश्नावर मुलाला घरी पाठवू नका. लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘लंगडणारा जुळा भाऊ’ एवढ्यावरून आख्खा वर्ग त्याला ओळखतो.