छोट्या खोलीतला स्टिरिओ: नवा अँप्लिफायर घेण्याआधी या चुका टाळा

'आवाजात मजा येत नाही, कुठला अँप घेऊ?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, खुर्ची कुठे ठेवली आहे? बहुतेकांना वाटतं, मी विषय टाळतोय.

एका मित्राची खोली तीन मीटर बाय तीन मीटर. चौरस खोली म्हणजे आधीच दुखणं, कारण लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतो. 'बेसच नाही' म्हणून गड्याने आधी अँप बदलला, मग मोठे स्पीकर आणले. मी गेलो तेव्हा खुर्ची बरोबर खोलीच्या मधोमध. त्याला म्हटलं, गाणं चालू ठेव आणि कोपऱ्यात कपाटापाशी जाऊन उभा राहा. तिथे बेस नुसता धो धो वाहत होता! आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. तीन मीटरवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 57 हर्ट्झच्या आसपास लहर जागच्या जागी उभी राहते. तिचा जोर भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. त्या शून्यात बसून कितीही वॅट ओता, इक्वलायझर (वरखालचे स्वर कमीजास्त करायची सोय) कितीही चढवा, खड्डा भरत नाही. खुर्ची मागे सरकवून मागच्या भिंतीपासून 1.1 मीटरवर आणली, म्हणजे लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर, आणि बेस आला. फुकट. तो बराच वेळ नव्या स्पीकरांकडे बघत होता. मीही काही बोललो नाही.

38 टक्के ही फक्त सुरुवातीची जागा, पुढे कानांनीच ठरवायचं. मागच्या भिंतीला डोकं टेकून बसू नका, तिथे बेस फुगतो.

स्पीकर कोपऱ्यात कोंबणं हीसुद्धा तशीच जुनी खोड. स्पीकरजवळच्या प्रत्येक भिंतीमुळे खालचे स्वर 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतात, कोपऱ्यात तर दोन भिंती, शिवाय जमीन. थोडे पुढे ओढा. स्पीकरच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर दोन्हींचा दोष एकाच फ्रिक्वेन्सीवर उमटतो. मी जमिनीवर मास्किंग टेपच्या खुणा करतो, स्पीकर एका वेळी पाच सेंटिमीटर हलवतो आणि प्रत्येक वेळी तेच एक गाणं लावतो. यात संध्याकाळ जाते. 'दहा मिनिटांत सेट करून दे ना' म्हणणाऱ्यांना मी हल्ली सरळ नाही म्हणतो.

आता फोम. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा तो पातळ फोम लोक चारही भिंतींना चिकटवतात आणि वर फोटो पाठवतात. 57 हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटर; दोन सेंटिमीटर फोमने तिला काय फरक पडणार? तो फक्त वरचे स्वर पितो. गाणाऱ्याचा आवाज कोंदतो, घुमणारा बेस मात्र जसाच्या तसा. त्यापेक्षा खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तीच परावर्तनाची जागा, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो ती. तिथे 10 सेंटिमीटर जाडीचं, कापडात गुंडाळलेलं रॉकवूलचं (दगडी तंतूंच्या लोकरीचं) पॅनेल लावा. नाहीतर पुस्तकांनी वेडंवाकडं भरलेलं शेल्फही बरं काम करतं.

बाकीचं थोडक्यात. एका स्पीकरच्या वायरी प्लस-मायनस उलट लागल्या तर बेस गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो. आवाज विचित्र वाटला की मी आधी हेच बघतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिन्हींमधलं अंतर साधारण सारखं. काही मीटरसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. महागड्या केबलवरचा वाद माझ्याशी घालू नका. आणि दोन वस्तूंची तुलना करताना आवाज आधी समान करा, कारण जी किंचित मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.