मंडळाचा हिशेब: या चुका टाळा

वाचनालय असो, भजनी मंडळ असो, तालीम असो की गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हिशेबातल्या चुका ठरलेल्याच. वर्षभर पावत्या पिशवीत कोंबायच्या आणि ३१ मार्च उलटला की वही उघडायची, इथूनच त्या सुरू होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वर्गणीतून परस्पर खर्च. समजा पोरं पावती पुस्तकं घेऊन फिरली, ३८,४०० रुपये गोळा झाले. तेवढ्यात मंडपवाला आला. त्याच्या हातावर १२,००० ठेवले, उरलेले २६,४०० बँकेत भरले आणि वहीत जमा लिहिली तीही २६,४००. मंडपाचा खर्च वहीत नाहीच. वार्षिक सभेत कुणीतरी स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात राहिलेल्या पावत्यांच्या प्रती, घेऊन बेरीज करतो, ती ३८,४०० येते आणि १२,००० कुठं गेले असा प्रश्न निघतो. मंडपवाल्याची पावती तेव्हा मागितलेली नसते. आता तो मागची तारीख घालून देणार, शाई ताजी, आणि ती बघून संशय आणखी वाढणार. एक पैसा कुणी खाल्लेला नसतो, तरी खजिनदाराच्या नावाची गल्लीभर चर्चा होते. "आता देऊन टाकूया, नंतर लिहूया की" असं कुणी म्हटलं की पैशांची पेटी बंद करावी.

गोळा झालेली रक्कम पूर्ण जमा लिहा आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण बँकेत भरा. चहा, दोरा, रिक्षा यासाठी ५,००० ची वेगळी हातरोकड ठेवा. पेटीतली रोकड अधिक व्हाउचरांची (खर्चाच्या चिठ्ठ्यांची) बेरीज कधीही मोजली तरी ५,००० यायला हवी. संपत आली की व्हाउचर वहीत खर्ची टाकून तेवढीच रक्कम परत काढायची. मोठी बिलं चेकनं. आयकर खात्याकडं धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेनं एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊच नये; करसवलत मोजताना तो खर्च धरला जात नाही.

दुसरा घोळ खास आपल्या भागातला. एक कार्यकर्ता देवनागरी आकडे लिहितो, दुसरा इंग्रजी, दुकानाचं बिल कधी कानडी आकड्यांत. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, म्हणून १०१ ची वर्गणी वहीत नऊशे नऊ होऊन बसते. कानडी एक तर घाईत लिहिला की शून्यच वाटतो. पावतीवर रक्कम अक्षरी लिहिलीच पाहिजे आणि वहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच लिपीचे आकडे.

बेरीज जुळेना, तर आधी फरकाला ९ नं भागा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत: ५४० चे ४५० झाले की फरक ९०. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा, एखादी नोंद जमेऐवजी खर्चाला गेलेली असते. नऊशे नऊचा घोळ मात्र या युक्त्यांनी सापडत नाही, तिथं स्थळप्रतीच चाळाव्या लागतात. आणि फरक 'किरकोळ खर्च' म्हणून दडपणाऱ्यानं खजिनदार होऊ नये.

हेस्कॉमची (वीज कंपनीची) तात्पुरत्या जोडणीची किंवा भांडीवाल्याची अनामत खर्चात टाकू नका, 'येणे', म्हणजे परत मिळायची रक्कम, म्हणून दाखवा. नाहीतर परत आणायची आठवण कुणालाच राहत नाही.

चुकलेली पावती फाडायची नाही. 'रद्द' लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या.

वर्गणी कुणाच्या खासगी फोनपेवर घेऊ नका. क्यूआर मंडळाच्या खात्याचाच.

आजीव सभासद फी यंदाचं उत्पन्न नव्हे. ती ताळेबंदात निधीला जाते.

मार्चमध्ये दिलेला चेक एप्रिलमध्ये वटला, तर पासबुकाची आणि वहीची शिल्लक वेगळी दिसणारच. वही खोडू नका, फरक कशामुळं ते लिहून जुळवणीचा कागद करा.

शेवटी, कोल्हापूरच्या मंडळाकडून महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांचा नमुना मागवून भरत बसू नका. आपली संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली नोंदलेली असेल, तर वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद इथल्याच जिल्हा निबंधकाकडं द्यायचा असतो. पोच घेऊन फाईलला लावा.