पिकअप वाढवणारा डबा गाडीला लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात वणी-यवतमाळकडच्या कोणत्याही गॅरेजात एक तक्रार हमखास ऐकू येते : "भाऊ, गाडी पिकअपच घेत नाही." मग कोणीतरी मोबाईलवर पाहिलेला, मोटरसायकलला लावायचा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा मागवतो. इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात जोडायचा, की पिकअपही वाढतो आणि ॲव्हरेजही, असं सांगितलं जातं. दोन्ही एकदम वाढवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. हा डबा फार तर पेट्रोलचं प्रमाण बदलतो, महागडा असेल तर स्पार्कची वेळही. हवा तो वाढवू शकत नाही, आणि ताकद शेवटी हवेवरच ठरते.

गाडी न पाहता डबा घेणं

प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्याआधीच्या बहुतेक १००-१२५ सीसी गाड्या कार्बोरेटरच्या आहेत आणि गावात आजही बऱ्याच धावतात. त्यांना इंजेक्टरच नाही, तर डबा जोडणार कुठे? नव्या गाडीच्या तपासणीच्या कपलरला लावायची स्वस्त 'फ्युएल सेव्हर' चिप तर विसराच. अशा चिपांमध्ये बऱ्याचदा लाईट चमकवण्यापलीकडे काही नसतं.

उन्हाचा दोष गाडीला देणं

१० अंशांच्या थंडीतल्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ११ टक्के विरळ असते. हवा कमी म्हणून ईसीयू (गाडीचा छोटा संगणक) पेट्रोलही कमी सोडतो, ताकद घटते. यात बिघाड काही नाही. गंमत अशी की मे-अखेरीस डबा लावला, जूनमध्ये पाऊस आला, हवा गार झाली आणि गाडी पळायला लागली, की श्रेय डब्याला! उलट याच उन्हात डबलसीट आणि वर खताचं पोतं असताना स्पार्क पुढे घेणारी (म्हणजे लवकर पाडणारी) सेटिंग ठेवली, तर चढावर इंजिनातून टकटक ऐकू येते. ती सेटिंग लगेच मागे घ्या, नाहीतर पिस्टनवर येतं.

आधी फिल्टर न उघडणं

शेतरस्त्यांची धूळ, कापसाचं तूस, वणीकडे कोळशाची भुकटी. आपल्याकडे एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी चोंदतो. तेल लावलेला कागदी एअर फिल्टर असेल तर हवा मारून साफ करू नका, बदला. सोबत चेन, टायरची हवा, प्लग, घासणारे ब्रेक आणि घसरणारी क्लचप्लेट बघा. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच संपलाय. त्यावर कोणताच डबा चालत नाही.

मग डबा कामाचा कधी? ३५० सीसी किंवा मोठी इंजेक्शनची गाडी, त्यात फिल्टर आणि सायलेन्सर बदललेला, आणि कमी वेगात गाडी झटके देते, तेव्हा. प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपनीचं मिश्रण आधीच कमी पेट्रोलचं असतं. त्यात हवा वाढली की झटके येतात. पेट्रोल थोडं वाढवलं की गाडी मऊ चालते. मात्र स्थिर वेगात धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ईसीयूला जादा पेट्रोलची खबर देतो आणि ईसीयू ते परत कापतो. म्हणून सेन्सरचा हिशेब न धरणारा साधा डबा फुकट जातो. पेट्रोल वाढलं की पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वाढतो, हेही धरून चाला. शंभर सीसीच्या आठेक हॉर्सपॉवर गाडीसाठी काही हजार घालणं मला पटत नाही.

लावल्यावर गाडी मिसिंग करते?

कपलर टक आवाज येईपर्यंत बसलाय का बघा. अर्थची वायर रंगावर न लावता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. पावसाळ्यात डबा सीटखाली, कपलर तोंड खाली करून ठेवा. वायर कापून टेप गुंडाळणाऱ्या मॅकेनिकला तिथेच थांबवा. असा जोड पुढे गंजतो आणि वॉरंटीचा वाद ओढवतो. तरीही मीटरवरची इंजिनची लाईट पेटलेलीच असेल तर डबा काढून मूळ कपलर जोडा आणि गाडी चालवून पाहा. मिसिंग गेली तर दोष डब्यात किंवा त्याच्या मॅपमध्ये (पेट्रोल किती सोडायचं त्या सेटिंगमध्ये). तशीच राहिली तर पेट्रोल, प्लग आणि इंजेक्टर तपासा.