जुन्या सिनेमांवर मित्रांचा पॉडकास्ट करताय? या चुका टाळा

मालवणात गजालींना तोटा नाही. चार मित्र जमले की जुन्या सिनेमाचा विषय निघतो आणि हल्ली कुणीतरी म्हणतंच, "अरे, हे रेकॉर्ड करूया." जरूर करा. फक्त एवढं लक्षात ठेवा की पडवीत बसलेल्या चौघांनी सिनेमा पाहिलेला असतो, ऐकणाऱ्याने तो पाहिलेला असेलच असं नाही. आम्ही दोन वर्षं हे करतोय, तेव्हा अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात महागात पडते ती आठवणीवर विसंबून बोलण्याची सवय. टीव्हीवर दहा वेळा लागलेला सिनेमा आपल्याला तोंडपाठ आहे असं वाटतं, पण तो तसा नसतो. 'श्वास'चंच घ्या. कोकणातल्या आजोबा-नातवाची गोष्ट, म्हणून आपल्याकडे तो घरचा सिनेमा. गप्पांत हमखास ऐकू येतं की त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. खरं तर २००४ साली तो भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला गेला. अंतिम नामांकनांत तो नव्हता. पण त्याचा खरा मान कुणी सांगतच नाही. 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे परत यायला पन्नास वर्षं लागली, आणि तो आणला 'श्वास'ने.

आमची स्वतःची चूक याहून मोठी होती. 'संत तुकाराम' (१९३६) वर बोलताना 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग म्हणून आम्ही सांगून टाकला. एका आजींचा निरोप आला, "बाळांनो, ते शांताराम आठवल्यांनी लिहिलंय, सिनेमासाठी." अगदी बरोबर होतं. पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच आम्ही दुरुस्ती सांगितली. हळहळ मात्र वेगळीच वाटली. विसाव्या शतकातल्या एका गीतकाराला तुकोबांचा सूर इतका साधला की लोक ती रचना अभंग म्हणून गातात, यावर अख्खा भाग झाला असता. खातरजमा न केल्याने सगळ्यात सुंदर विषय हातातून निसटला.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधीच्या आठवड्यात सिनेमा पुन्हा पूर्ण बघा, हातात वही घेऊन. कोणता प्रसंग कितव्या मिनिटाला आहे ते टिपा. श्रेयनामावली थांबवून वाचा.

कल्ट सिनेमांत वेगळा धोका असतो. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) निघाला की चौघेही एकमेकांना संवाद म्हणून दाखवतात, खिदळतात आणि वीस मिनिटं जातात. ऐकणारा दारातच उभा राहतो. एकच संवाद घ्या आणि तो का जमला ते उलगडा. भाड्याने खोली मिळत नाही, हे त्या साऱ्या धमालीचं मूळ दुखणं आहे. तेच दुखणं हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६) होतं. तिथून सुरुवात केली की गप्पांना वजन येतं.

आता आवाज. जुलैत पत्र्याच्या पडवीत रेकॉर्ड करू नका. आमचा एक अख्खा भाग पावसाच्या तडतडाटात बुडाला आणि कुठल्याच सॉफ्टवेअरने तो वाचला नाही. माजघरात बसा, भिंतींना गोधड्या लावा, पंखा बंद करा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. प्रत्येकजण आपापल्या मोबाईलवर रेकॉर्ड करत असेल, तर सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवा. नंतर सगळे ट्रॅक त्या टाळीवर जुळवता येतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत माइक उघडा पडला की पिनांना गंज चढतो. तो सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

गाण्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, "तीस सेकंद चालतात." असा नियम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. समीक्षेसाठी रास्त वापराची सोय कलम ५२ मध्ये आहे. तेव्हा ज्याची चर्चा करताय तेवढाच तुकडा घ्या, आणि भागाच्या सुरुवातीला सजावट म्हणून गाणं लावू नका.

शेवट फोडायचा असेल तर आधी सांगा, मग पाच सेकंद गप्प राहा. सिनेमा न पाहिलेल्याला तेवढ्यात बंद करता आलं पाहिजे.