चाईवर कांद्याचा रस लावताना

डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढी चाई (केस गळून पडलेला गोल चट्टा) पडली की घरोघरी कांद्याचा रस सुचवतात. पण तो डोळ्यांत उतरतो आणि चट्टा भरतोय की पसरतोय, हेही कळत नाही. सोलापुरात कांद्याला तोटा नाही, फक्त लावायची रीत नीट हवी.

१. आधी चट्ट्याशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी तसाच फोटो घ्या. रोज आरशात बघून काही उमगत नाही, उगाच जीव टांगणीला लागतो.
२. पाव कांदा किसून मलमलच्या फडक्यातून पिळा. रस रोज ताजाच घ्या.
३. चट्ट्याच्या कडेने खोबरेल तेलाचं बोट फिरवा, म्हणजे रस ओघळत नाही. मग कापसाने फक्त चट्ट्यावर टिपा.
४. पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. संध्याकाळी लावा, इथल्या उन्हात घामाबरोबर तो कपाळावर येतो. खांद्यावर जुना टॉवेल असू द्या, वास चादरीला लागत नाही.

आग झाली, पुरळ आलं तर लगेच थांबवा. चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे किंवा पू असेल तर ती चाई नसून बुरशी असू शकते, मुलांमध्ये विशेषतः. तेव्हा आणि चट्टे भराभर वाढत असतील तेव्हाही थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

आयुर्वेदात चाईवर (इंद्रलुप्तावर) गुंजेचा लेपही सांगितलाय. तो घरी मुळीच करू नका. गुंजेचं बी जहाल विषारी असतं, लेकरांच्या हाती लागलं तर जिवावर बेततं.