रब्बीची पेर करा, पण बांधावरच्या ढोलीच्या झाडाला हात लावू नका

परतीचा पाऊस उघडला की सोलापूर जिल्ह्यात दोन कामं एकदम निघतात. एक ज्वारी-हरभऱ्याची पेर, दुसरं बांधावरच्या जुन्या बाभळी-लिंबावर कुऱ्हाड. सावली पडते, निम्मं वाळलंय, सरपण होईल, कारणं तयारच असतात. दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो: ढोली असलेलं झाड ठेवा.

त्या ढोलीत आणि सुटलेल्या सालीखाली पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळं, राहतात. त्यातली सगळ्यात लहान जेमतेम अंगठ्याएवढी, वजन 2 ते 4 ग्रॅम. अंगावर तपकिरी लव, पोटाकडं जरा फिकी, पंख काळपट. घराच्या फटीत, पत्र्याखालीही ती मुक्काम करते. दिवस मावळला की निघते आणि झाडाभोवती, विहिरीवर गिरक्या घेत डास, तुडतुडे, बारीक पतंग उडता उडता टिपते. डाळिंबाला ती तोंड लावत नाही. फळं खाणारं मोठं वटवाघूळ वेगळं. त्याचा राग हिच्यावर काढून ढोलीत धूर करू नका.

हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचा पतंग या चिमुकलीला पेलणार नाही, हे खरं. पण मोठे पतंग खाणाऱ्या पाकोळ्याही आहेत आणि जुनी झाडं, पडके वाडे गेले की त्यांचाही आसरा जातो. मंगळवेढ्याकडं मैलभर झाड नसलेल्या काळ्या रानात हरभऱ्याला अळी लवकर चढते, असं मला वाटतं. मोजलेलं नाही, नजरेचा अंदाज आहे. मग दुकानदार एका औषधाच्या जागी दोन देतो, वर टॉनिकची बाटली. टॉनिकनं अळी मरत नाही.

बाकी नेहमीचं:
- हरभरा दोन ओळींत 30, दोन रोपांत 10 सें.मी. अंतरावर
- बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी), किलोला 5 ग्रॅम
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) हेक्टरी 5
- फुलोरा सुरू होताच 5 टक्के निंबोळी अर्क
- तरीही मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या तरच इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम

झाड तारेवर झुकलंच असेल तर आधी संध्याकाळी खाली उभं राहून बघा, ढोलीतून काही निघतंय का. निघत असेल तर वरच्या फांद्याच उतरवा, बुंधा ठेवा. खाली पडलेली पाकोळी उघड्या हातानं उचलू नका. चावलीच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा.