चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या पातळीवरून शिकवायचं कसं?

पुण्यातल्या धायरी, हडपसर, कात्रज किंवा वाघोलीतल्या कुठल्याही मराठी शाळेच्या पाचवीत जाऊन बसा. पहिल्या बाकावर गोष्टीचं पुस्तक दोन दिवसांत संपवणारी मुलगी असते. तिच्या शेजारचा मुलगा जोडाक्षर आलं की थबकतो. मागे बसलेल्या भावंडांचे आईवडील बांधकामावर काम करतात. ती जूनमध्ये कलबुर्गीकडून आली आहेत आणि घरी कन्नड बोलतात. सगळ्यांच्या दप्तरात बालभारतीचं पुस्तक एकच आणि फळ्यावरचा पाठही एकच.

प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार शिक्षण द्या, असं प्रशिक्षणांत आपण सारखं ऐकतो. ऐकताना पहिला प्रश्न मनात येतो तो हा की चाळीस पाठ काढायचे कधी? चाळीस पाठ काढायचे नसतातच. मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि दिवसातली एक तासिका त्यानुसार मांडायची, एवढं एका शिक्षकाला जमतं. तेवढंच कसं करायचं ते इथे सांगते. डोळ्यांसमोर तिसरी ते सहावीचे वर्ग आहेत.

एक विषय, एक तासिका

सगळे विषय एकदम बदलायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात दमाल. भाषा किंवा गणित, यांतला एक विषय घ्या. तासिका शक्यतो परिपाठानंतरची पहिली घ्या, कारण ती सहसा बुडत नाही. शेवटच्या तासिका स्नेहसंमेलनाचा सराव, कुठलीशी माहिती भरणं, लसीकरण अशा कामांत जातात. बाकीचा दिवस नेहमीसारखा चालू द्या.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २४ एकदा वाचा. शिक्षकाची कर्तव्यं तिथे दिली आहेत. अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणं त्यात आहे, आणि त्याच्या लगेच पुढे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही आहे. तेव्हा ही तासिका नियमाबाहेरची आहे का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणून ठामपणे सांगा.

मूल कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लेखी चाचणीतून फक्त उत्तर चुकलं हे कळतं, ते का चुकलं हे कळत नाही. म्हणून वर्गाला चित्र किंवा शुद्धलेखन द्या, व्हरांड्यात दोन खुर्च्या टाका आणि एकेका मुलाला पाच-सात मिनिटं जवळ बसवा. रोज सहा-सात मुलं झाली तरी आठवड्याभरात वर्ग होतो.

वाचनासाठी 'असर'ची पद्धत सोपी आहे. प्रथम संस्था २००५ पासून या सर्वेक्षणात ती वापरते: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. अक्षरंही न ओळखणारं मूल 'प्रारंभिक' पातळीवर. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्दांकडे या. उतारा पाठ्यपुस्तकातला मात्र नको. पुस्तकातले धडे कित्येक मुलांना तोंडपाठ असतात आणि ती पानाकडे न बघताही घडाघडा 'वाचतात'. चार-पाच साधी वाक्यं तुम्हीच लिहून काढा.

वाचताना कान देऊन ऐका. मूल पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकतं का? 'सूर्य'मधल्या रफारावर अडतं की प्रत्येक जोडाक्षरावर? सगळं न अडखळता वाचून झाल्यावर 'मग त्या मुलाने काय केलं?' असं विचारलं की गप्प होतं का? या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवाव्या लागतात. आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं मूल वाचनात चुकलेलं नाही. ती त्याच्या घरची बोली आहे. तिथे त्याला थांबवलंत तर पुढच्या वेळी ते तोंडच उघडणार नाही.

गणितात उदाहरण निवडताना फार विचार करावा लागतो. ४३ वजा १८ घ्या. दोन मुलांनी ३५ उत्तर काढलं. एकाने एककात मोठ्यातून लहान वजा केलं: ८ मधून ३ गेले, ५. दुसऱ्याने दशक सोडवून १३ मधून ८ बरोबर घालवले, पण चारचे तीन करायला विसरला. पहिल्याला दशक सोडवणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही, दुसऱ्याला ते कळलंय आणि त्याची फक्त एक पायरी सुटते. दोघांच्या वहीवर लाल फुली मात्र सारखीच. आता ४२ वजा १८ देऊन बघा. पहिला ३६ म्हणेल, दुसरा ३४. उदाहरण चांगलं निवडलं तर चूक स्वतःच बोलते. शिवाय प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असलं तरीही, 'कसं काढलंस?' हे विचारा. नेहमी विचारलंत तर मुलांना तो प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण वाटत नाही.

एक गोष्ट करू नका. 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, ते हाताने करून शिकणारं' अशी वर्गवारी प्रशिक्षणांत अजून सांगितली जाते. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बघणं, ऐकणं आणि हाताने करणं सगळ्याच मुलांना हवं असतं. गट पाडायचे ते मुलाला काय येतं आणि पुढे काय यायला हवं यावरून.

नोंद

वेगळी फाइल उघडू नका. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी वर्णनात्मक नोंदी आपल्याला ठेवाव्या लागतातच, त्याच वहीत लिहा. 'वाचनात रस घेतो' यासारखी नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. 'परिच्छेद वाचतो, रफारावर अडतो, अर्थ सांगतो', एवढी एक ओळ आणि तारीख पुरे. पुढच्या महिन्यात त्याच ओळीखाली दुसरी ओळ आली की दोन्ही मिळून मुलाची प्रगती दिसते.

गट

तीन गट ठेवा, फार तर चार. त्याहून जास्त गट एका शिक्षकाला सांभाळता येत नाहीत. भाषेचे गट गणिताला तसेच्या तसे वापरू नका. वाचनात मागे असलेलं मूल तोंडी हिशेबात बरेचदा सगळ्यांच्या पुढे असतं. वडिलांच्या भाजीच्या गाडीवर बसणारी मुलं तर हमखास.

गटांना झाडांची, नद्यांची नावं देता येतात, पण मुलं दुसऱ्याच दिवशी ओळखतात की इंद्रायणी म्हणजे हुशार आणि मुठा म्हणजे ढ. हे टाळायचा खरा उपाय एकच, गट हलते ठेवणं. दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐका आणि मुलांची जागा बदला. जून ते एप्रिल त्याच गटात बसलेल्या मुलाला आपण नवीन काही दिलेलं नसतं, त्याच्यावर फक्त शिक्का मारलेला असतो.

तासिका कशी चालते

पंचेचाळीस मिनिटं धरा. पहिली दहा मिनिटं सगळा वर्ग एकत्र: एक गोष्ट मोठ्याने वाचणं, किंवा एक कोडं फळ्यावर. मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या. एका फेरीत तुम्ही एकाच गटाजवळ, जमिनीवर, त्यांच्यात बसता. शेवटची पाच मिनिटं आवराआवर आणि 'आज काय जमलं' हे दोन-तीन मुलांकडून ऐकणं. सगळ्यात मागच्या गटाला रोज एक फेरी मिळालीच पाहिजे. उरलेली फेरी बाकीच्या गटांत दिवसाआड वाटा.

खरी कसोटी, तुम्ही एका गटाजवळ असताना बाकीची तीसेक मुलं काय करतात, ही. इथेच हा प्रयोग फसतो. त्यांना करायला असं काम हवं की जे त्यांना तुमच्याशिवाय जमेल आणि ज्याचं उत्तर त्यांचं त्यांनाच तपासता येईल. यासाठी कार्डं करा. अप्पा बळवंत चौकातून जाड रंगीत कार्डशीट आणा, एका शीटची आठ कार्डं कापा, पुढे उदाहरण आणि मागे उत्तर लिहा. एकेका पातळीची वीस कार्डं झाली की महिना निघतो. जोडाक्षरांची कार्डं मोठ्या मुलांकडून लिहून घ्या, त्यांचंही लेखन होतं. दशकासाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवा. दशक सोडवणं न कळलेल्या मुलाला गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडू द्या, चार दिवस फळा विसरा.

पहिले पंधरा दिवस गोंगाट होणार. त्या दिवसांत फक्त सवयी लावा: कार्ड कुठून घ्यायचं, परत कुठे ठेवायचं, अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग गटाच्या मदतनिसाला, आणि बाई दुसऱ्या गटाजवळ असतील तर मध्ये यायचं नाही. मदतनीस दर आठवड्याला बदला, आणि तो सगळ्यात हुशारच असायला हवा असं नाही.

पुढे गेलेली मुलं

यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. काम लवकर संपलं की त्यांना तशीच आणखी दहा उदाहरणं मिळतात, म्हणजे येतं त्याचीच शिक्षा. त्यांना उलटा प्रश्न द्या: 'उत्तर २४ येईल आणि दशक सोडवावा लागेल, अशा चार वजाबाक्या तयार कर.' ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून पुण्यात बुद्धिमान मुलांसाठी काम उभं केलं, पण अशी मुलं प्रत्येक साध्या वर्गातही असतात आणि त्यांना त्यांच्या जागीच काहीतरी कठीण मिळायला हवं.

परिसर अभ्यासात निवड देणं सोपं जातं. 'आपलं पाणी' हा विषय सगळ्यांना एकच ठेवा, वाटा तीन करा. एक गट खडकवासल्यापासून घरच्या नळापर्यंतचा नकाशा काढेल. दुसरा गट घरात दिवसाला किती बादल्या पाणी लागतं ते मोजून हिशेब मांडेल. तिसरा गट १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा काय झालं ते शेजारच्या आजी-आजोबांना विचारून लिहील. वाट मुलांना निवडू द्या. नीट लिहिता न येणारं मूल आजींचं बोलणं लक्षात ठेवून तोंडी इतकं सुरेख सांगतं की वर्ग ऐकत राहतो.

महिनोन्महिने न हलणारं मूल

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारं मूल आळशी ठरतं. दोन्ही ठीक असूनही वाचन पुढे सरकत नसेल, तर मुख्याध्यापकांमार्फत समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची मदत मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या खास अडचणीचा) समावेश आहे, म्हणून तपासणी आणि मदत हा त्या मुलाचा हक्क आहे. निदान तुम्ही स्वतः करू नका आणि वर्गात त्याचा उच्चारही नको. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला तर अक्षमतेच्या यादीत टाकायची घाई मुळीच नको. त्याला आधी मराठी ऐकायला आणि बोलायला भरपूर वेळ द्या.

पालक आणि मोबाइल

पालकांची पहिली तक्रार 'वह्या भरल्या नाहीत' ही असते, दुसरी 'शेजारची पुढच्या गटात, आमची का नाही?' पालकसभेत गटांबद्दल बोलू नका. प्रत्येकाला त्याच्याच मुलाची नोंदवहीतली ओळ दाखवा: जुलैत शब्द वाचत होती, सप्टेंबरात परिच्छेद वाचते. आणि तिच्याकडून तिथेच आईसमोर चार ओळी वाचून घ्या.

मोबाइल, टॅब यांचा नंबर शेवटचा. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपचे व्हिडिओ उघडतात, एखादी संकल्पना पुन्हा ऐकायला ते चांगले आहेत. पण मूल ४२ मधून १८ वजा करताना नेमकं काय पुटपुटतं, ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

शाळेने एकत्र करायचं झालं तर

दोन-तीन महिने एका वर्गात हे बसलं की मुख्याध्यापकांशी बोला. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावं, हे लक्ष्य केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंतचं ठरवलं आहे, म्हणून तेही ऐकून घेतील. मागणी एकच करा: तिसरी, चौथी आणि पाचवीची ती तासिका एकाच वेळी ठेवा. मग तीन शिक्षक सगळ्या पातळ्या वाटून घेतात आणि मुलं त्या तासापुरती आपापल्या पातळीच्या खोलीत जातात. प्रत्येक शिक्षकाकडे एक-दोनच पातळ्या उरल्याने काम निम्म्याने हलकं होतं.

पाचवीच्या मुलाला तिसरीच्या खोलीत बसायची लाज वाटते, ती आधीच ओळखा. शब्दांच्या पातळीचा गट पाचवीच्याच खोलीत बसवा आणि लहानांना तिकडे बोलवा. त्याला वाचायला द्याल ते वाक्य सोपं असू दे, पण विषय त्याच्या वयाचा हवा, क्रिकेटचा किंवा सायकलचा. अदलाबदल फक्त त्या एका तासापुरती ठेवा. हजेरी, डबा आणि खेळ ज्याच्या त्याच्या वर्गातच.